लेकीला ट्रायम्फ स्पिटफायरवर गाडी शिकवावी का? (कोव्हेंट्रीहून)

कॅनलीकर

नमस्कार मंडळी. वाहन विभागात माझा हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही इंग्लंडात कोव्हेंट्रीला असतो. लेकीला सतरावं संपलं, प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स हातात आहे आणि घरात रोज जेवताना एकच विषय. नवऱ्याची १९७४ ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे, मार्क ४. १२९६ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर, ओव्हरड्राइव्ह, दोन सीट, कापडी हूड. कन्या शाळकरी वयापासून बाबाबरोबर त्या गाडीखाली लोळत आलीय. प्लग, पॉइंट, ब्रेकचे पॅड, सगळं तिच्या हातचं. आता तिचं म्हणणं, "मी दुरुस्त करते तर मीच चालवायला शिकणार, आणि ह्याच गाडीवर."

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. ट्रायम्फ हेरल्डची चासी आखूड करून त्यावर जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने हे छोटं, देखणं धड बसवलं. कंपनी तेव्हा कंगाल झालेली, त्यामुळे नमुना कारखान्याच्या कोपऱ्यात चादरीखाली पडून होता. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी घेतली, नव्या साहेबांनी चादर उचलली आणि १९६२ मध्ये गाडी बाजारात. १९८० पर्यंत तीन लाखांवर बनल्या, इथेच कॅनलीला. त्या जागेवर आता दुकानं आणि ऑफिसं आहेत, रस्त्याचं नाव तेवढं हेरल्ड ॲव्हेन्यू.

तर प्रश्न असा की शिकायला ही गाडी योग्य का? इथल्या कोणी मुलांना जुन्या गाडीवर शिकवलंय का? विम्याचं काय केलंत? नवरा एका पक्षात, मी अजून कुंपणावर.

---

डावीकडून_चालवा

मी रेडिंगजवळ ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर आहे, तेव्हा कायद्याचं आधी सांगतो.

सरावाला ही गाडी चालेल. पुढेमागे एल पाट्या, शेजारी बसणारा एकवीसच्या वरचा आणि पूर्ण लायसन्स मिळून किमान तीन वर्षं झालेला, आणि विम्यात लेकीचं नाव. मोटरवेवर मात्र न्यायची नाही. २०१८ च्या जूनपासून शिकाऊंना मोटरवे खुला झाला खरा, पण मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टर शेजारी आणि दुहेरी कंट्रोलची गाडी असेल तरच.

परीक्षेला ही गाडी नेण्याचा विचार सोडा. परीक्षकाच्या सीटला पक्कं हेडरेस्ट लागतं, वरून अडकवलेलं चालत नाही. ७४ च्या स्पिटफायरला ते नसणार. परीक्षकासाठी जादा आरसा लागतो तो वेगळाच. कागदपत्रं बघून, गाडीकडे एक नजर टाकून ते तुम्हाला परत पाठवतील आणि फी बुडेल.

अजून एक. हल्ली पुष्कळ पोरं ऑटोमॅटिकवर परीक्षा देतात, सोपी पडते म्हणून. तुमच्या मुलीने चुकूनही देऊ नये. ऑटोमॅटिकवर पास झाली तर मॅन्युअल चालवायचा परवाना मिळत नाही, आणि स्पिटफायर गॅरेजातच बघत बसावी लागेल.

---

शंकासुर

कोणीतरी कटू बोलायला हवं, म्हणून मी बोलतो.

एअरबॅग नाही. एबीएस नाही. दरवाजात आडवा दांडा नाही. हेडरेस्ट नाही, म्हणजे मागून कोणी हलकंसं ठोकलं तरी मानेचं वाटोळं. डोक्यावर कापड. गाडीचं वजन आठशे किलोच्या आसपास आणि शेजारून जाणाऱ्या कित्येक एसयूव्ही तिच्या दुपटीहून जड. तुम्ही इतक्या खाली बसता की ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यासमोर येतात.

नवशिक्या ड्रायव्हरकडून पहिल्या वर्षी बारीकसारीक ठोकाठोकी होतेच. ती कुठल्या गाडीत व्हावी एवढाच प्रश्न आहे. हौस बाबाची आणि धोका पोरीला, असं नको. राग मानू नका.

---

साडेतीन_सूत

मिरजेला आमचं गॅरेज होतं, आता मुलगा बघतो. स्पिटफायर कधी हाताला लागली नाही, पण तिच्या सख्ख्या बहिणीची खूप सेवा केली आहे. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने हेरल्ड काढली ना, तीच. आपल्याकडे स्टँडर्ड हेरल्ड. डॉक्टर आणि वकील लोकांची आवडती. इंजिन ९४८ सीसी, पण खानदान तेच. ९४८ चं वाढत वाढत तुमचं १२९६ झालं, रचना तीच राहिली.

शंकासुर म्हणतात ते खोटं नाही. पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो. पोरगी हाताने काम करते म्हणता, मग तिला एक काम करून बघायला सांगा. बॉनेट उघडून क्रँकची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची) पुढची पुली बघायची आणि दुसऱ्याने क्लच दाबायचा-सोडायचा. पुली पुढेमागे सरकताना डोळ्याला दिसली तर थ्रस्ट वॉशर गेले. ह्या इंजिनाचं हे जुनं दुखणं. क्रँकला लांबीत धरून ठेवायला दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्या झिजल्या की एक दिवस खाली तेलाच्या चेंबरमध्ये गळून पडतात आणि मग क्रँक थेट ब्लॉकला घासतो. वेळेत कळलं तर चेंबर उतरवून खालूनच नव्या सरकवता येतात, इंजिन काढावं लागत नाही. वेळेत नाही कळलं तर ब्लॉक भंगारात.

आणि ह्या पट्ट्या कशाने झिजतात? सिग्नलला क्लच दाबून गिअरमध्ये उभं राहिल्याने. क्लच दाबला की त्याचा सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो. पोरीने एकदा ती पट्टी हातात घेऊन बघितली की जन्मात सिग्नलला क्लच दाबून बसणार नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय बाहेर.

पुढच्या चाकाच्या ट्रनियनला ग्रीस मारता ना? दर महिन्याला मारत जा.

---

डावीकडून_चालवा

वा! मी हेच पोरांना घसा फोडून सांगतो, न्यूट्रल आणि हँडब्रेक. ऐकत कोणी नाही, कारण आजकालच्या गाडीला काही होत नाही.

---

कॅनलीकर

सर्वांचे आभार. सूतकाका (असं म्हटलं तर चालेल ना?), पुली बघितली. नवरा क्लचवर, लेक मोबाइलचा टॉर्च घेऊन पुढे. हलली नाही.

पण ट्रनियनवरून घरात तुमच्या विरोधात बंड आहे. कारखान्याच्या पुस्तकात तिथे ग्रीस नाही, तेल लिहिलंय. ईपी ९०, गिअरबॉक्सचं घट्ट तेल. लेकीने गेल्या हिवाळ्यात एक बाजू खोलली तेव्हा मीही शेजारी उभी होते, म्हणून सांगू शकते. मुठीत मावेल एवढा पितळी ठोकळा, आत आटे, त्यात उभ्या पोलादी दांड्याचं टोक फिरतं. चाक वळतं ते ह्या आट्यांवर. आमच्यात कोणे एके काळी कोणीतरी ग्रीस भरलेलं होतं. त्याचा तपकिरी मेणासारखा गोळा झालेला, खालच्या आट्यांपर्यंत पोचलाच नव्हता, आणि तिथे पाणी बसून दांड्याला गंजाची खवले धरलेली. लेकीने नखाने खरवडलं तर पापुद्रा निघाला. दांडा टाकून दिला, नवा घातला.

तिथून तुटलं की चाक आडवं पडतं. बहुतेक वेळा पार्किंग करताना, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तुटतं म्हणतात, पण तेवढ्यावर विसंबायचं कोणी? आता ती ग्रीस गनमध्ये ईपी ९० भरते आणि वरच्या बाजूने तेल पाझरेपर्यंत मारते. अंगणात डाग पडतात ते मी पुसते.

---

साडेतीन_सूत

काका चालेल. पण मुद्दा सोडत नाही. आमच्याकडे सगळ्या हेरल्ड ग्रीसवर चालल्या. जे काही माराल ते वेळेवर मारा, हे खरं. तेल चार दिवसांत गळून जातं, ग्रीस टिकतं. तुमच्या गाडीत ग्रीस वाईट नव्हतं, वर्षानुवर्षं कोणी नवं मारलं नाही ते वाईट.

---

मिडलँड्सची_मावशी

काका, इथे मीठ असतं. हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर टनावारी टाकतात. मिरजेची हेरल्ड आणि कोव्हेंट्रीची स्पिटफायर एका मापाने मोजू नका. आमच्या शेजारच्यांची एमजीबी (एमजी कंपनीची तशीच जुनी स्पोर्ट्स गाडी) वरून आरशासारखी चकचकीत होती. दाराखालच्या पत्र्याचे सिल स्क्रूड्रायव्हरने टोचले तर आरपार.

विम्याबद्दल लिहिते, कारण मुलासाठी ह्यातून नुकतेच गेलो. क्लासिक गाड्यांचा विमा स्वस्त असतो हे खरं, पण बऱ्याच कंपन्या एकवीस किंवा पंचवीसच्या खालच्या ड्रायव्हरला दारातच उभं करत नाहीत. क्लबमार्फत जा. ट्रायम्फसाठी ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब आहे, नाव सिक्स असलं तरी स्पिटफायर आणि हेरल्डवाले त्यातच. किंमत आधी ठरवून घेणारा विमा घ्या, नाहीतर अपघातानंतर जुनी गाडी म्हणून चिल्लर हातात ठेवतील. आणि वर्षाला किती मैल चालवणार ते खरं सांगा.

मुख्य म्हणजे, उद्या पास झाल्यावर गाडी प्रत्यक्षात तीच वापरणार असेल तर कागदावर बाबाला मुख्य ड्रायव्हर दाखवू नका. इथे त्याला फ्रंटिंग म्हणतात आणि तो गुन्हा आहे. दावा तर फेटाळतातच, पोरीच्या नावावरही डाग लागतो.

---

शंकासुर

थ्रस्ट वॉशर, ट्रनियन, विमा, सगळं छान. माझ्या मूळ मुद्द्याला कोणी हात लावला नाही. ठोकली तर काय?

---

कॅनलीकर

लावते. तुमचा मुद्दा माझाच होता, म्हणून तर धागा काढला.

घरात असं ठरलंय. शिकणं आणि परीक्षा इन्स्ट्रक्टरच्या आधुनिक गाडीवर, मॅन्युअल. स्पिटफायर रविवारी सकाळी, कोरड्या हवेत, बाबा शेजारी. बर्क्सवेल, मेरिडनच्या बाजूचे गावरस्ते. रिंग रोड नाही, रात्र नाही, पाऊस नाही. पास झाल्यावरही पहिला हिवाळा गाडी गॅरेजमध्येच. नवशिक्यांना इथे पहिल्या दोन वर्षांत दंडाचे सहा पॉइंट झाले की लायसन्सच रद्द होतं, त्याची भीती तिला माझ्या बोलण्यापेक्षा जास्त आहे.

आणि चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची (वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती २०१८ पासून गेली असली तरी आम्ही दरवर्षी करून घेतो. कंपाउंडबाहेरच्या माणसाने खालून एकदा बघितलेलं बरं. टायरही बदलले. नक्षी शाबूत होती, पण रबर दगडासारखं झालेलं.

बाकी धोका शून्य होणार नाही, ते मान्य.

---

डावीकडून_चालवा

योजना चांगली आहे. बाबांसाठी दोन गोष्टी, शेजारी बसून त्यांनाच सांभाळायच्या आहेत.

ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारं साधन) नाही. सकाळी स्पिटफायर आणि दुपारी माझ्यासारख्याच्या गाडीत बसली की पोरगी पहिल्या सिग्नलला सगळ्यांची नाकं काचेला लावणार. उलट दिशेने जास्त वाईट: आधुनिक गाडीची सवय झालेला पाय स्पिटफायरच्या पेडलवर हलकाच पडतो आणि गाडी थांबतच नाही. प्रत्येक वेळी निघाल्यावर रिकाम्या रस्त्यावर दोनदा जोराने ब्रेक मारून पायाला आठवण द्यायची.

दुसरं वळण. मागचा ॲक्सल स्विंग प्रकारचा, म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या अर्ध्या ॲक्सलबरोबर वरखाली झुलतं. वळणात वेगाने शिरून घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला की मागची बाजू उचलते, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपूट सुटते. सुरुवातीच्या मॉडेलांची ह्यात फार बदनामी झाली. मार्क ४ पासून मागची पाटा-स्प्रिंग बदलली, त्यामुळे तुमची बरीच शहाणी आहे. तरी सवय तीच लावा: वळणाआधी वेग कमी, वळणात पाय स्थिर.

---

कॅनलीकर

हे दोन्ही वाचून दाखवलं. पुढचा प्रतिसाद माझ्या आयडीवरून लेक लिहितेय. टाइप तिचं, शुद्धलेखन तपासणी माझी.

---

कॅनलीकर

हॅलो. मी मुलगी. मराठी टाइप करायला मला वेळ लागतो म्हणून छोटं लिहिते.

शंकासुर काका, तुम्ही बरोबर आहात. मला पण ट्रकची भीती वाटते. म्हणून मी त्यांच्या बाजूला थांबत नाही. एक तर मागे राहते नाहीतर पुढे जाते. इन्स्ट्रक्टर म्हणाल्या की मी आरशात खूप बघते. ते स्पिटफायरमुळे आहे, कारण हूड लावलं की मागे नीट दिसत नाही.

मला सगळ्यात टॅपेट आवडतात, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप सेट करणं. स्पिटफायरचं बॉनेट म्हणजे पूर्ण पुढचा भाग, मडगार्डसकट. तो पुढे उलटतो. मग मी पुढच्या टायरवर बसते आणि इंजिन माझ्या मांडीजवळ असतं. बाबा एमजीवाल्यांना चिडवतात की तुम्ही वाकून मरा.

आठ व्हॉल्व्ह आहेत. नऊचा नियम वापरायचा. एक नंबर पूर्ण दाबलेला असेल तेव्हा आठ नंबर सेट करायचा. तीन दाबलेला तर सहा. बेरीज नेहमी नऊ. सगळे प्लग काढायचे, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि बाबा मागून थोडी थोडी ढकलतात. इंजिन थंड पाहिजे. गॅप दहा थाउ, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) आत जाताना थोडी ओढ लागली पाहिजे, पण अडकायला नको. नट घट्ट करताना गॅप बदलतो, म्हणून परत चेक. बाबांना अडकलेला बरा वाटतो, मला सैल. टिकटिक ऐकू आली तर चालते, आवाज बंद झाला तर व्हॉल्व्ह जळतो.

आता मला एक प्रश्न आहे. वीस मिनिटं चालवल्यावर इंजिन मिसफायर करतं, म्हणजे मध्येच झटके खातं. थंड झालं की परत ठीक. पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) टाकतो, सुपरवालं. पाइप नवीन आहेत. काय बघू?

---

साडेतीन_सूत

शाब्बास! टायरवर बसून टॅपेट करणारी पोरगी बघून बरं वाटलं. आम्हीही हेरल्डला तसेच बसायचो. तुझ्याकडे इंची पाने असतील. अर्धा इंच म्हणजे आमचा चार सुती, सात-सोळांश म्हणजे साडेतीन सुती. माझ्या आयडीचं कोडं आज सुटलं असेल सगळ्यांना.

तुझं इंजिन गरम झाल्यावर मिस मारतं तर आधी कंडेन्सर. डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटशेजारी (उघडझाप करणाऱ्या संपर्कांशेजारी) बारकी डबी असते ती. मिसफायर सुरू झाल्याबरोबर बाजूला थांब, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढ, बाबाला सेल्फ मारायला सांग आणि पॉइंटकडे बघ. बारीक ठिणगी चालते. जाड, निळसर-पांढरी ठिणगी सटासट उडत असेल तर कंडेन्सर गेला. ठिणगी ठीक असेल तर कॉइलला हात लाव. चटका बसेल एवढी गरम असेल तर ती संशयित. दोन्ही नसेल तर पेट्रोलची वाफ होते का ते बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन बदलल्या तर बरं कशाने झालं ते कळत नाही.

हाताला, केसांना आणि ओढणीला फॅनपासून लांब ठेव.

---

शंकासुर

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा आणि सुटा. पॉइंटही नको, कंडेन्सरही नको. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली मावतं, बाहेरून कळतही नाही.

---

साडेतीन_सूत

बसवा की. पण ते गेलं तर रस्त्याकडेला टो-ट्रकची वाट बघायची. पॉइंट गेले तर पॉलिश पेपरचा तुकडा घासून घरी येता येतं. पोरीला शिकायचं आहे ना?

---

मिडलँड्सची_मावशी

पेटीत जादा कंडेन्सर आणि रोटर आर्म ठेव गं. बाजारात हल्ली मिळणारे पुष्कळसे नवे भाग जुन्यापेक्षा लवकर मरतात. नवा घातला म्हणून निर्धास्त राहू नकोस.

---

कॅनलीकर

मुलगीच परत. मेरिडनच्या अलीकडे मिसफायर सुरू झालं. ले-बायमध्ये (रस्त्याकडेच्या थांब्यावर) थांबलो, कॅप काढली. ठिणगी खूप जाड होती, बाबा पण बघायला आले. पेटीतला कंडेन्सर घातला, गॅप पंधरा थाउ केला. घरी येताना एकदाही मिस मारलं नाही. उरलेला तास पण चालवली. थँक यू काका.

ओढणी नाही घालत मी. केस बांधते.

---

शंकासुर

अभिनंदन. आता त्या हेडरेस्टचं बघा.

---

कॅनलीकर

आई परत. बघतोय. नंतरच्या १५०० मॉडेलच्या हेडरेस्टवाल्या सीट बसवायचा विचार आहे, त्यातही दोन्ही बाजूंच्या, कारण शेजारी बसणाऱ्या बाबाची मान सतरा वर्षांची नाही. मिडलँड्समध्ये कोणाच्या माहितीत बऱ्या अवस्थेतली काळी जोडी असेल तर व्यनि करा. फोम गेलेला असला तरी चालेल, सांगाडा गंजलेला नको.